दाराकडे तोंड केलेला मासा

मिरकरवाड्याच्या बंदरात आज उभे राहिलात तर दादू तोडणकरच्या हातची एकही होडी दिसायची नाही. एकेकाळी इथे दर दुसऱ्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पाणी कापत जाणाऱ्या पुढच्या टोकावर, त्याचं अक्षर होतं. लाल कडेचं पिवळं अक्षर, खाली दोन मासे किंवा एक कमळ. त्या लाकडी होड्या गेल्या. काही फोडून चुलीत घातल्या, दोन-तीन वादळात बुडाल्या, काही देवगडकडे विकल्या गेल्या आणि तिथे कुणीतरी त्यांच्यावर दुसरं नाव चढवलं. आता फायबर आला आणि त्यावर कॉम्प्युटरने कापलेलं स्टिकर. स्टिकरला 'अक्षर' म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो.

दादूच्या हातचं एकच काम रत्नागिरीत शिल्लक होतं, आणि ते होडीवर नव्हतं. ते चर्चच्या दारात होतं.

आमच्याकडचं हे चर्च लहान, चिऱ्याचं, उतरत्या कौलांचं. दार पश्चिमेला. दारात उभं राहिलं की माडांच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसते. आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला काळ्या दगडाचं आठ बाजूंचं कुंड आहे. मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा याच कुंडाच्या पाण्याने होतो. कुंडाच्या बाजूच्या भिंतीवर पाच चित्रं: पाण्याच्या लाटा, शिंपला, पांढरा पक्षी, मेणबत्तीची ज्योत आणि मासा. ती दादूने १९८७ साली ऑइल पेंटमध्ये काढली, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

दादू जन्मला पूर्णगडात, दर्यावर जाणाऱ्या खारव्याच्या घरात. बाप खलाशी, चुलता होडीचा म्होरक्या, तांडेल, आजा समुद्रातच गेलेला. अशा घरातल्या मुलाला होडी लागावी, ओकाऱ्या व्हाव्यात, यापेक्षा मोठी बेअब्रू नाही. दादूला खाडीचं तोंड ओलांडलं की पोटातलं सगळं बाहेर. बापाने तीन हंगाम नेऊन बघितलं. चौथ्या हंगामात तांडेल म्हणाला, "याला घरी ठेव. माशांना खायला घालायला आपण समुद्रात जात नाय." ते वाक्य दादूने मला स्वतः हसत हसत सांगितलं आहे, पण हसताना त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं.

मग तो रत्नागिरीत एका पाट्या रंगवणाऱ्याकडे राहिला, शिकला आणि होड्या रंगवायला लागला. होडी पाण्यात लोटायच्या दिवशी सगळे नारळ, हार, बँडबाजा बघायचे. दादू कठड्यावर बसून फक्त आपली नाळ बघत राहायचा, ती दिसेनाशी होईपर्यंत. "मी नाय गेलो तर काय झालं," म्हणायचा, "माझं अक्षर तर जातंय."

माझी त्याची ओळख मोर्चाच्या पाट्यांवरून झाली. बंदरातल्या बायकांना बसायला शेड पाहिजे होती, मी पोरगेला होतो, मजकूर मीच लिहून दिला. दादूने वाचला आणि म्हणाला, "दीपक्या, तुझ्या दोन ओळीत तीन चुका हायत. पण रागात लिवलंस ते बरं केलंस, वाचवतंय." पाट्या त्याने सुधारून रंगवल्या. शेडसुद्धा झाली, चार वर्षांनी.

तर चर्च. त्या वर्षी तिथे फादर लिगोरी म्हणून वसईकडचे एक वयस्कर धर्मगुरू होते. माशांचे शौकीन. बंदरात बांगडे घ्यायला यायचे तेव्हा होडीवरचं काम बघून त्यांनीच दादूला गाठलं. मिरकरवाड्यात लगेच सुरू झालं, "काय दादू, बाटलास काय?" दादू म्हणाला, "रंग बाटत नाय. बाटला तर टर्पेंटाइनने निघतो."

पण एक अट त्याने फादरना घातली. "तुम्ही सांगाल ते काढीन. पण अर्थ सांगायला लागंल. होडीवर कमळ काढतो तर कमळ कशाला ते मला म्हायती असतंय."

फादर लिगोरींना तेच पाहिजे होतं. दुपारी जेवण झालं की ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि दादू शिडीवरून प्रश्न विचारायचा. मी तेव्हा तिथे बऱ्याचदा जाऊन बसलेला आहे. चर्चमध्ये मला काही काम नव्हतं, पण असं भांडण फुकट कुठे ऐकायला मिळतं?

"हे कुंड दारातच का? देवाजवळ का नाय?"

"कारण हेच दार आहे," फादर म्हणाले. "लाकडाचं दार कुणीही ढकलून येतो. घरचा माणूस होऊन यायचं तर या पाण्यातून यायचं. म्हणून आत पाऊल टाकलं की पहिलं हेच."

"आणि ह्याला आठ बाजू कशाला? पाथरवटाला चार सोप्या व्हत्या."

"सात दिवसांत जग झालं. आठवा दिवस नव्या सुरुवातीचा. येशू उठला तो दिवस. शिवाय जलप्रलयात नोहाच्या तारवातून आठच माणसं वाचली."

दादूने ब्रश खाली ठेवला. "केवढं व्हतं तारू?"

फादरनी हातांच्या मापात सांगितलं. दादूने मनातल्या मनात ते खलाशांच्या वावांत मोजलं. "एवढ्या तारवाला आठ खलाशी? आणि वर जनावरं? फादर, तो नोहा तांडेल म्हणून मोठाच हो!"

फादर इतके हसले की खुर्ची मागे कलंडली.

असे एकेक अर्थ त्याने पदरात पाडून घेतले. पाणी बुडवतं आणि पाणीच जन्माला घालतं, म्हणून लाटा दोन रंगांच्या, खाली काळपट आणि वर निळ्या. शिंपल्याने बाळाच्या डोक्यावर पाणी घालायची जुनी रीत, म्हणून शिंपला उताणा, ओंजळीसारखा. येशूचा बाप्तिस्मा नदीत झाला तेव्हा आत्मा पारव्यासारखा खाली आला, म्हणून पक्ष्याची चोच खाली. ज्योत पास्क्याच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून घेतात आणि बाळाच्या बापाच्या हातात देतात, म्हणून ज्योतीला दुसरी लहान ज्योत चिकटलेली. घरी जाऊन हे सगळं तो बायकोला सांगायचा. सगुणावहिनी म्हणायच्या, "आपल्या घरात उंबऱ्याचा अर्थ विचारलात नाय कधी, आणि तिकडे दगडाच्या बाजू मोजताय!"

शेवटी मासा. फादर म्हणाले, "पहिल्या ख्रिस्ती लोकांना लपून राहावं लागायचं. मासा ही त्यांची आपसातली खूण. आणि जुने लोक म्हणायचे, आपण लहान मासे. पाण्यात जन्मतो, पाण्यात आहोत तोवर जगतो."

दादूने दोन दिवस लावून मासा काढला. नुसता मासा नाही, बांगडा. पाठीवर हिरवे-काळे पट्टे, पोटाला रुपेरी झाक, डोळा असा की आत्ता जाळ्यातून निसटला. बंदरातल्या कोळणी बघायला आल्या. एकीने विचारलं, "दादू, डझनाचा भाव काय?"

फादर आले, बघितलं, खूश झाले. मग चष्मा पुसून म्हणाले, "दादू, हा उलटा आहे."

माशाचं तोंड दाराकडे होतं. कुंडाकडे शेपटी.

"माणूस बाहेरून आत येतो," फादर म्हणाले, "पाण्याकडे येतो. तुझा मासा पाण्याकडे पाठ करून चालला."

"पाणी तिकडं हाय," दादूने माडांच्या फटीतली ती पट्टी दाखवली. "फादर, किनाऱ्याकडे तोंड केलेला मासा मंजे मेलेला मासा. तो टोपलीतच दिसतो. माझ्या हातून मेलेला मासा निघायचा नाय."

फादरनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी पास्क्याच्या आधी रंगाचा हात मारायला येशील, तेव्हा फिरव."

दादू दर वर्षी गेला. पाण्याला निळा दिला, ज्योतीला पिवळा, माशाच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका. फादर विचारायचे, "मासा?" दादू म्हणायचा, "आधी पक्षी सुकू दे." सहा वर्षं त्या पक्ष्याला सुकायला लागली. मग फादर लिगोरींची बदली झाली, आणि पुढे वसईलाच ते वारले, असं ऐकलं. नंतर चार फादर आले नि गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दादू दर वर्षी डबे घेऊन जायचा, दिवसभर काम करायचा, चहा पिऊन यायचा. होड्या एकेक करून गेल्या, भिंत राहिली. गेल्या दहा वर्षांत बंदरात कुणी त्याला रंगारी म्हणून ओळखतही नाही, पण चर्चच्या दारात गेलं की तो ताठ चालतो, हे मी बघितलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी फादर जेरोम आले. तरुण, शिकलेले, बोलायला गोड. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीच्या तयारीला आलेल्या पोरांना ते कुंडापाशी उभं करून अर्थ समजावत होते. पाणी झालं, शिंपला झाला, पक्षी झाला. माशापाशी आले तेव्हा आठ वर्षांची एक पोरगी म्हणाली, "फादर, हा पळून चाललाय का?"

बस्स. सदतीस वर्षांनी एका पोरीने पकडलं.

तेव्हाच चर्चच्या दुरुस्तीचं चाललं होतं. आल्विन लोपीस म्हणून कुवेतहून परत आलेले एक गृहस्थ कमिटीत होते. माणूस वाईट नाही. आईच्या आठवणीसाठी काहीतरी द्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी काळ्या ग्रॅनाईटची मोठी लादी सुचवली, मशीनने कोरलेली, पाचही चिन्हं सोनेरी, आणि मासा बरोबर दिशेला. ती भिंतीवर बसवायची. म्हणजे खालचा दादू कायमचा बुजवायचा.

ही बातमी मला बाजारात लागली. मी तसाच दादूच्या घरी. तो ओसरीवर बसला होता, वय चौऱ्याहत्तर, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कारण उचलला की थरथरतो.

"सह्या गोळा करतो," मी म्हटलं. "दोनशे सह्या संध्याकाळपर्यंत. पेपरात देतो. दारात बसतो उपोषणाला."

"गप रे. दुसऱ्याच्या देवळात उपोषण करतोस?"

"मग बुजवू द्यायचं?"

दादूने पाय जवळ घेतले. मग म्हणाला, "दीपक्या, परवा बंदरात गेलेलो. आख्खा धक्का फिरलो. माझ्या हातचं काय नाय राहिलं रे. एक रेघ नाय. ही भिंत हाय तेवढीच. मी मेल्यावर बुजवा म्हणावं. तोवर ठेवा."

आतून वहिनींचा आवाज आला, "मरायची भाषा करायला आधी औषधाच्या गोळ्या तरी वेळेवर घ्या."

मी फादर जेरोमना जाऊन भेटलो. आवाज चढवायच्या तयारीनेच गेलो होतो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मलाही ती भिंत आवडते. पण कमिटीला सांगायला कारण पाहिजे. मासा बाहेर चाललाय यालाही अर्थ लावता येतो. बाप्तिस्मा झालेल्या माणसाने जगात बाहेर जायचं असतं. फादर लिगोरींनी तसं मुद्दाम काढायला सांगितलं असेल, तर मी कुणाला हात लावू देणार नाही. रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर दादूकाकांनी सर्वांसमोर तेवढं सांगावं."

मी उडतच दादूकडे आलो. काम झालं होतं. एक 'हो' म्हणायचं. फादर लिगोरी हयात नाहीत, उलट बोलणारं कुणी नाही. मी त्याला वाक्यसुद्धा पाठ करून दिलं: फादर म्हणाले, बाहेर चाललेला काढ.

"तुझ्या वाक्यात आज चूक नाय," दादू म्हणाला.

मी हसलो. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही.

रविवारी तो धुतलेला सदरा घालून आला. वहिनी बरोबर. चपला बाहेर काढून कुंडापाशी उभा राहिला. पन्नासेक माणसं दारात आणि व्हरांड्यात जमली. आल्विननी लादीचं चित्र मोबाईलवर लोकांना दाखवलं. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो, मनात ते वाक्य म्हणत.

फादर जेरोम म्हणाले, "दादूकाका, हा मासा असा काढायला फादर लिगोरींनी सांगितलं होतं?"

दादूने भिंतीकडे बघितलं.

"नाय," तो म्हणाला. "फिरव म्हणाले. सहा वर्षं म्हणत व्हते. मी नाय फिरवला."

मी खांब सोडला. पुढे जाऊन याचं तोंड बंद करावं असं वाटलं. एवढी सोपी गोष्ट, आणि या माणसाने ती मातीत घातली!

"का नाही फिरवलात?" आल्विननी विचारलं. रागाने नव्हे, खरंच विचारलं.

दादूने मग पूर्णगडचं सगळं सांगितलं. बापाच्या होडीत ओकायचा ते, तांडेल काय बोलला ते, किनाऱ्यावर टाकलेले मासे कसे सगळे जमिनीकडे तोंड करून पडलेले असायचे ते. "मला जायला मिळालं नाय," तो म्हणाला, "म्हणून मी ह्याला लावलं जायला. ते तुमच्या देवाच्या अर्थात बसत नाय, मला ठाऊक व्हतं. फादरनी अर्थ सांगितलेला, मी ऐकलेला. गुरूने सांगितलं नि मी हट्ट केला. आता ते नायत तर त्यांच्या तोंडी माझं वाक्य कसं घालू?"

एक म्हातारी बाई जपमाळ बोटांत धरून माशाकडे बघत होती, जणू तो आजच तिला दिसला.

"फिरवतो," दादू म्हणाला. "पण मी फिरवतो. मशीनला सांगू नका. तीन दिवस द्या."

आल्विननी मोबाईल खिशात घातला. "हात थरथरतोय तुमचा, काका."

"हाताचं मी बघतो. तुम्ही शिडी धरा."

आल्विननी खरंच शिडी धरली, तीन दिवस. सकाळी नऊला दादू यायचा. पॉलिश पेपरने बांगडा घासायला घेतला तेव्हा पहिल्या दिवशी वहिनी बाहेर जाऊन बसल्या. "मला नाय बघवत," म्हणाल्या. दादू मात्र खाली वाकून पुटपुटत घासत होता. लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, प्रायमर मारला. तिसऱ्या दिवशी काठी भिंतीला टेकवून तिच्यावर मनगट ठेवलं आणि नवा मासा काढला. तोंड कुंडाकडे, शेपटी दाराकडे. पट्टे पूर्वीसारखे धारदार नव्हते, रेघ जागोजागी कापलेली. डोळा काढताना वहिनींनी त्याचं कोपर धरलं. "घट्ट धर," तो म्हणाला. "घट्टच धरलंय," त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं."

आल्विनची लादी चिन्हं गाळून, फक्त आईचं नाव कोरून आली. ती भिंतीवर लागली नाही, दाराबाहेरच्या पायरीला लागली. आईचं नाव पायदळी येईल म्हणून कमिटीत पुन्हा वाद झाला, मग नावाचा तुकडा कापून बाजूच्या बाकाला बसवला. त्या बाकावर आता सगळे बसतात.

दहा-बारा दिवसांनी रंग वरवर सुकला आणि दादूला ते दिसलं. दुपारनंतर दार उघडं असलं आणि ऊन आतल्या फरशीवरून उडून भिंतीवर आलं, की नव्या माशाच्या खाली जुना दिसतो. फिका, पण दिसतो. दाराकडे तोंड केलेला.

दादू संतापला. मी त्याला एवढा चिडलेला कधी बघितला नव्हता. स्वतःच्या कामावर चिडला होता. डबे घेऊन थेट चर्चमध्ये गेला. फादर जेरोम दारातच उभे होते.

"दुसरा हात मारतो. ह्यो खालचा मारतो पुरता."

"राहू दे, काका."

"राहू दे कसा? अपुरं काम हाय हे! प्रायमर नीट सुकला नव्हता. ह्याला काम म्हणत नायत."

"मी म्हणतो," फादर म्हणाले. "पोरांना दोन्ही दाखवतो मी. एक येतो, एक जातो. दोघांचे अर्थ सांगतो."

"तुमचे अर्थ ऱ्हाऊ देत तुमच्याकडे! लोक म्हणतील, तोडणकरला रंग मारता येत नाय."

"म्हणू देत."

"नाव सांगू नका मग माझं कुणाला. हे माझं काम म्हणून सांगू नका."

फादर हसून आत गेले आणि डबे आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावून आले. दादू पायरीवर बसून राहिला, हातात कोरडा ब्रश. मी शेजारी बसलो. मला वाटलं, याला समजावावं की दोन्ही मासे आहेत ते किती छान आहे. तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "दीपक्या, तू काय बोलू नको. तुला रंगातलं काय कळतंय?"

खरं आहे, मला कळत नाही. आम्ही दोघं ऊन कलेपर्यंत तिथेच बसलो. एक पोरगी बाप्तिस्म्याचं पाणी भरायला कळशी घेऊन आली, तेव्हा दादू उठून बाजूला झाला आणि तिला म्हणाला, "जपून गं, भिंतीवर उडवू नको. रंग अजून कच्चा हाय."